एका माणसाच्या मापाचें मेज

आमचा एक पुतण्या गेलीं सात वर्षें इटलींतील मिलान शहरीं असतो. घरें सजविण्याचे व त्यांतील लांकडी सामानाचे आराखडे काढणाऱ्या एका लहानशा कचेरींत तो नोकरीस आहे. आमच्या कुटुंबांतील वडील माणसांना त्याच्या धंद्याचें नांव अद्यापि नीट सांगतां येत नाहीं; कोणी त्यास इंजिनियर म्हणतात, कोणी चित्रकार म्हणतात, आणि आमच्या वहिनी, म्हणजे त्याच्या मातोश्री, ‘तो तिकडे टेबलें करतो’ एवढेंच सांगून मोकळ्या होतात. विचार करूं गेल्यास वहिनींचें वर्णनच सर्वांत खरें आहे. गेल्या पावसाळ्याच्या आरंभीं त्याचें आम्हांस एक पत्र आलें. हल्लीं पत्र म्हणजे यंत्राच्या पडद्यावर उमटणारें, तथापि ‘ती. काकांस साष्टांग नमस्कार’ हा मायना त्यानें अजून सोडलेला नाहीं. त्या पत्रांत त्यानें जो प्रश्न विचारला होता, त्यामुळें आमचे पुढील तीन महिने बरेच अस्वस्थतेंत गेले. तो प्रश्न केवळ आमच्या घरचा नाहीं असें वाटल्यावरून वाचकांपुढें ठेवीत आहों.

हकीकत अशी. इटलीच्या वायव्येस लिगुरियाचा किनारा आहे. डोंगर थेट समुद्रांत उतरावे आणि मधल्या चिंचोळ्या पट्टींत माणसांनीं घरें रोवावीं, असा तो प्रदेश. तेथें एका धनिक गृहस्थानें कड्यावर घर बांधलें आणि त्यांतील सर्व सामान नव्या साध्या शैलीचें, पण केवळ त्या घरापुरतें, घडवून देण्याचें काम पुतण्याच्या कचेरीस दिलें. बाजारांतील एकही वस्तु त्यास नको होती. जेवणघरासाठीं अक्रोडाच्या लांकडाचें सोळा फुटी मेज, बारा खुर्च्या, व भिंतीलगतचें एक लांब बांक. मेजाच्या टोंकाची मुख्य खुर्ची मालकाच्या टांचेपासून गुडघ्यापर्यंतचें माप घेऊन करावयाची. आणि मेज असें ठेवावयाचें, कीं त्या खुर्चींत तो बसला असतां मेजाची पलीकडची कड समुद्राच्या क्षितिजरेषेस बरोबर समांतर दिसावी. एवढ्यासाठीं पुतण्या दोन वेळां त्या रिकाम्या घरांत जाऊन, एका खोक्यावर बसून, दोरी लावून क्षितिज मोजून आला. मिलानच्या उत्तरेस ब्रियांत्सा म्हणून मुलूख आहे. मेदा, कांतू, लिस्सोने हीं त्यांतील गांवें पिढ्यान्‌पिढ्या लांकूडकामावर जगत आलीं आहेत. त्यांपैकीं मेदा येथील एका कारखान्यांत पांच महिने हें काम चाललें. आणि ज्याच्यासाठीं तें चाललें, तो गृहस्थ त्या घरीं वर्षांतून सुमारें वीस दिवस राहणार. ‘काका,’ पुतण्यानें लिहिलें होतें, ‘दिवसा हें काम मी मनापासून करतों आणि रात्रीं मला त्याची लाज वाटते. यांत कांहीं पाप आहे काय? असल्यास तें कोणाचें?’

आम्हीं तत्काळ उत्तर धाडलें. तें कसें होतें हें सांगण्यांत आम्हांस भूषण वाटत नाहीं. अपरिग्रहापासून आरंभ करून, देह झांकण्यापुरतें वस्त्र व बसण्यापुरता पाट यांवांचून मनुष्याचें कोठें अडतें, अशा धाटणीचीं चार पानें आम्हीं लिहिलीं. जो आपल्या गुडघ्याच्या मापानें क्षितिज मागतो त्याचा गुडघा देवापुढें कसा वाकणार, असें एक झणझणीत वाक्यही त्यांत होतें, व तें लिहून झाल्यावर आम्हीं तें दोनदां वाचून पाहिलें. पत्र गेल्यावर मात्र ध्यानांत आलें, कीं हा सर्व उपदेश आम्हीं आमच्या वडिलांच्या शिसवी मेजाशीं, त्यांच्याच पाठीच्या बाकाप्रमाणें करून घेतलेल्या खुर्चींत बसून लिहिला होता.

उपदेशकाच्या आसनाची ही गोष्ट इटलीच्या किनाऱ्यास तरी नवी नाहीं. नेपल्सच्या आखातावर बायाए येथें रोमन धनिक समुद्रांत भराव घालून वाडे उभारीत, आणि माशांचा समुद्र आकसत चालला म्हणून होरेस कवीनें त्यांस दोष दिला, ह्यास दोन हजार वर्षें झालीं. समोरच्या काप्री बेटावर टायबेरियस बादशहाचे बारा वाडे होते असें टॅसिटस लिहितो. मेजाविषयींचें वेड तर त्या काळीं कळसास पोहोंचलें होतें. आफ्रिकेंतील अ‍ॅटलास पर्वतांत होणाऱ्या सिट्रस नामक एका वृक्षाच्या मुळाजवळच्या गांठींतून कापलेल्या फळीचीं मेजें सर्वांत मौल्यवान समजत. वाघाच्या किंवा मोराच्या अंगावर असतात तसे पट्टे व डोळे तिच्यावर दिसत. खुद्द सिसेरोनें असल्या एका मेजास पांच लक्ष सेस्टर्स मोजले, असें थोरल्या प्लिनीनें नमूद केलें आहे. प्लिनी असेंही सांगतो, कीं मोत्यांच्या हौसेवरून नवऱ्यांनीं बायकांस बोल लावला, म्हणजे बायका त्यांच्या मेजांचें वेड त्यांच्या तोंडावर फेंकीत. ही ओळ आम्हीं घरांत मोठ्यानें वाचून दाखविली. तिच्यावर जें भाष्य झालें तें येथें देण्याचें कारण नाहीं.

परंतु खरा मासला सेनेकाचा. श्रीमंती ही मनाची उपाधि आहे हें ज्यानें जन्मभर उत्तम भाषेंत शिकविलें, त्या ह्या तत्त्वज्ञाच्या घरीं सिट्रसच्या लांकडाचीं, हस्तिदंती पायांचीं, एकसारखीं पांचशें मेजें होतीं, असा आरोप डिओ कॅशियस या इतिहासकारानें केला आहे. डिओ हा सेनेकाच्या मागून दीड शतकानें लिहिणारा आणि त्याच्याविषयीं मुळींच प्रेम नसणारा. तेव्हां आंकड्यावर विश्वास ठेवावाच असें नाहीं. पण आरोप पांचशें मेजांचा असो कीं आमच्यासारख्या एका मेजाचा असो, त्यांतून एक गोष्ट निघते: चैनीचा धिक्कार ही चैनीइतकीच जुनी वस्तु आहे, आणि ती बहुधा चांगल्या मेजावर बसूनच लिहिली जाते. असला धिक्कार खोटा असतो असें आम्ही म्हणत नाहीं. पण त्यानें पुतण्याचा प्रश्न सुटत नाहीं. सोळा फुटी मेज ‘फार’ आहे हें त्यासही दिसतच होतें. त्यांतलें नेमकें काय चुकतें, हें त्यास हवें होतें.

येथें नव्या शैलीचें एक वैशिष्ट्य लक्षांत घेतलें पाहिजे. रोमन मेज आपली किंमत अंगावर मिरवीत असे. पुतण्यानें आंखलेल्या मेजावर मात्र एकही फूल, वेलबुट्टी वा सिंहाचा पंजा नाहीं. आमच्या वहिनींनीं त्याचें चित्र पाहून ‘हें तर शाळेंतल्या बांकासारखें दिसतें’ असा अभिप्राय दिला. ही साधेपणाची शैली निघाली ती चैनीविरुद्ध शस्त्र म्हणून. व्हिएन्नाचा वास्तुकार आडोल्फ लोस यानें गेल्या शतकाच्या आरंभीं वस्तूंवरील नक्षी हा कारागिराच्या श्रमांचा व समाजाच्या द्रव्याचा अपव्यय होय, असें आग्रहानें प्रतिपादिलें. इटलींतही ह्या साधेपणाचें एक फार सुंदर उदाहरण घडलें. लिगुरियाच्याच किनाऱ्यावर कियावारी नांवाचें गांव आहे. तेथें १८०७ सालीं देस्काल्त्सी नामक सुतारानें पॅरिसकडील नमुन्यावरून, पण पुष्कळ हलकी व सडपातळ, अशी एक खुर्ची केली. ती गांवची परंपराच होऊन बसली. दीडशें वर्षांनीं, १९५७ सालीं, मिलानच्या जिओ पोंतीनें त्या गांवठी खुर्चीवरून आपली ‘सुपरलेज्जेरा’ खुर्ची सिद्ध केली व मेदाच्या कास्सीना कारखान्यानें ती बाजारांत आणली. वजन १.७ किलो. पाय त्रिकोणी छेदाचे, जाडी जेमतेम १८ मिलिमीटर, बैठक विणलेली. लहान मुलानें ती एका बोटावर उचललेली दाखवीत. अंगावरचें सर्व अनावश्यक मांस झडून गेलेल्या तपस्व्यासारखी ती खुर्ची आहे.

आणि आज ती श्रीमंतांच्या दिवाणखान्यांतील वस्तु होऊन बसली आहे. तपस्व्यालाही राजवाड्यांत नेऊन बसवितां येतें, हें आपल्या पुराणांना ठाऊक होतेंच. असाच प्रकार चंदीगढच्या खुर्च्यांचा झाला. पियेर जानरे याच्या देखरेखीखालीं सरकारी कचेऱ्यांसाठीं सागवान व वेत यांच्या ज्या खुर्च्या तेथें झाल्या, त्या पुढें गच्चीवर पावसांत पडून राहिल्या, भंगाराच्या भावानें गेल्या, आणि परदेशांतील लिलावांत मोठ्या किंमतीस चढल्या. २०१९ सालीं त्याच कास्सीना कारखान्यानें त्या धर्तीची नवी मालिका काढली. कारकुनाची खुर्ची धनिकाकडे जाण्यास साठसत्तर वर्षें पुरतात. तात्पर्य, साधेपणा हा चैनीवरचा उतारा ठरला नाहीं. साधेपणाच सर्वांत खर्चाचा अलंकार ठरला. वहिनींना जें शाळेचें बांक दिसलें, त्याच्या सोळा फुटांच्या फळींत एकही गांठ येऊं नये म्हणून किती लांकूड बाजूस टाकलें, हें पुतण्याकडून ऐकून आम्ही थक्क झालों.

किंमत बाजूस ठेवली, आणि नक्षी असणें-नसणें हेंही बाजूस ठेवलें, तर उरतें काय? उरतें तें माप. एखादी वस्तु एकाच माणसाच्या मापाची असावी, ही इच्छा चांगली कीं वाईट?

ह्याच लोसनें १९०० सालीं एका गरीब श्रीमंताची गोष्ट लिहिली आहे. एका सुखी, धनवान गृहस्थास आपल्या घरांत कला असावी असें वाटतें. तो एका वास्तुकारास बोलावितो. वास्तुकार त्याच्या घरांतील प्रत्येक वस्तु, पायांतील सपातांसह, स्वतः आंखून देतो. गृहस्थ कृतकृत्य होतो. एके दिवशीं तो वास्तुकाराचें स्वागत करण्यास बाहेर येतो तों वास्तुकार दचकतो: ह्या सपाता निजावयाच्या खोलीसाठीं आंखलेल्या, त्या ह्या खोलींत कशा? पुढें वाढदिवशीं बायकामुलें भेटी देतात. त्या कोठें ठेवाव्या असें विचारतां वास्तुकार रागावून म्हणतो, सर्व कांहीं तर मीं दिलेलें आहे, आपणांस आतां कशाची गरज? तेव्हां त्या बिचाऱ्यास कळतें, कीं आपण पुरे झालों. आतां कांहीं हवेंसें वाटावयाचें नाहीं, कांहीं शिकावयाचें नाहीं, कोणाकडून कांहीं घ्यावयाचें नाहीं. आम्हांस ही गोष्ट विनोदी म्हणून ठाऊक होती. यंदा ती वाचतांना हंसूं आलें नाहीं.

लोसच्या गोष्टींत निदान वस्तु परक्यानें लादल्या होत्या. स्वतःचें माप स्वतःच घेणारा मनुष्य पाहावयाचा असेल, तर काप्री बेटाच्या पूर्वेस पुंता मासुल्लो नांवाच्या खडकावर जावें लागेल. तेथें समुद्रापासून बरेंच उंच, पायवाटेनें किंवा नावेनेंच जातां येईल असें, एक तांबड्या रंगाचें लांबट घर आहे. त्याच्या गच्चीवर खालून रुंद होत जाणारा एक भला मोठा जिना चढतो आणि गच्चीस कठडा नाहीं. कुर्त्सियो मालापार्ते ह्या लेखकाचें तें घर. हा गृहस्थ १८९८ सालीं जन्मला. प्रथम फासिस्ट, पुढें त्याच राजवटीच्या अवकृपेनें १९३३ सालीं लिपारी बेटावर स्थानबद्ध. घराचा मूळ आराखडा आडाल्बेर्तो लिबेराचा. तथापि मालापार्तेनें आमित्रानो नांवाच्या स्थानिक गवंड्यास हाताशीं धरून तें आपल्या मनाप्रमाणें पुरें केलें, आणि त्यास तो ‘माझ्यासारखें घर’ असें म्हणे. आंतील सामानही त्याचेंच: जाड अक्रोडी फळ्या, आणि त्यांखालीं जुन्या देवळांच्या खांबांची आठवण देणारे पाय. चुलाण्याच्या पाठीमागें कांच बसविली आहे. ज्वाळांतून समुद्र दिसावा म्हणून. १९४९ सालच्या एका पुस्तकांत तो सांगतो, कीं जर्मन सेनापति रोमेल तेथें आला असतां, हें घर आपण तयार घेतलें कीं स्वतः बांधविलें, असें त्यानें विचारलें. मालापार्तेनें उत्तर दिलें, कीं घर तयारच घेतलें. आपण आंखला तो भोंवतालचा देखावा. गोष्ट खरी असो नसो. समुद्र, कडे, क्षितिज हें सर्व मीं माझ्यासाठीं करून घेतलें, असें म्हणणाऱ्या मनाचा ह्याहून उघड मासला सांपडणें कठीण. पुतण्याच्या धनिकाचें क्षितिज आठवून आम्हांस येथें थोडा दरारा वाटला.

पण पुढें काय झालें पाहा. १९५७ सालीं मालापार्ते वारला. चीनच्या प्रवासानें तो भारावून गेला होता. मृत्युपत्रानें त्यानें तें ‘माझ्यासारखें घर’ चिनी लोकराज्यास, तेथील लेखकांच्या उपयोगासाठीं, देऊन टाकलें. नातलगांनीं हरकत घेतली व तें मृत्युपत्र अमलांत आलें नाहीं. १९६३ सालीं गोदार ह्या फ्रेंच दिग्दर्शकाच्या चित्रपटांत तें घर जगभर दिसलें. आणि २०२० सालीं, घराण्यांतील एका वंशजाच्या पुढाकारानें, तेथील मेज, बांक वगैरे वस्तु पुनः घडवून लंडनच्या गागोशियन कलादालनांत मांडण्यांत आल्या. केवळ एकट्याच्या वृत्तीस साजेल म्हणून जें घडविलें, तें आतां पैसे असणाऱ्या कोणासही मिळूं शकतें. आपल्या मापाची वस्तु आपल्यामागें दुसऱ्याच्या मापाची होते. मालापार्तेला हें मरतांना उमगलें होतें काय? नाहीं तर ज्यांची भाषाही येत नाहीं अशा दूरच्या परक्यांना त्यानें आपलें घर कां द्यावें? आम्हांस त्याच्या सर्व चरित्रांत हें एकच कृत्य मनापासून आवडतें, आणि तेंच फुकट गेलें.

हें सर्व आम्हीं पुतण्यास कळविण्याच्या विचारांत होतों, तोंच आमच्या पहिल्या उपदेशाला त्याचें उत्तर आलें. उत्तर सविनय होतें व फार लहान होतें. ‘काका, आपल्या गांवच्या ओटीवरचा झोपाळा कोणाच्या मापाचा?’

हा झोपाळा आमच्या पणजोबांनीं करून घेतला. ओटीच्या रुंदीस बेतून घेतलेली सागाची एकसंध फळी, पितळी कड्या. आणि उंची अशी, कीं पणजोबा बसले असतां त्यांच्या उजव्या पायाचा अंगठा जमिनीस टेकावा व तेवढ्यानेंच झोका मिळावा. आमच्या पिढींत कोणाचाच अंगठा बरोबर टेकत नाहीं; पणजोबा उंच होते असें सांगतात. म्हणजे एका माणसाच्या देहाच्या मापाची वस्तु आमच्याही घरीं होती, आणि आम्हीं तिजवर बसून अपरिग्रहाचीं व्याख्यानें ऐकलीं होतीं. किंबहुना जुन्या काळीं सर्वच वस्तु अशा होत. सुतार घरीं येई, पडवींत करवत व रंधा मांडी, आणि पाट, चौरंग, पाळणा, देव्हारा त्या त्या घराच्या मापानें होत. तयार वस्तु ही मागाहून आलेली नवलाई. तेव्हां ‘बेतून घेणें’ हाच दोष म्हणावा, तर आपले सर्व पूर्वज दोषी ठरतात.

पण पत्रांत आणखी एक वाक्य होतें. ‘तो झोपाळा ज्यानें केला, तो त्यावर कधीं बसला होता काय?’

ह्याचें उत्तर आम्हांस ठाऊक होतें, व वाचकांसही आहे. सुतार हा बारा बलुतेदारांपैकीं एक. सुगीच्या वेळीं धान्याचा वांटा, सणावारीं शिधा, हें त्याचें मोल. आमच्या लहानपणीं गांवचे सुतार ओटीच्या पायरीखालीं उभे राहून आजोबांशीं बोलत; आजोबा त्यांस ‘बाबा’ म्हणत आणि ते आजोबांस ‘काका’ म्हणत, आणि दोघांच्या बोलण्यांत खरा जिव्हाळा असे. पण त्यांनीं केलेल्या पाटांवर आमच्या पंगती उठत, व त्यांचें पान अंगणांत वाढलें जाई. त्या झोपाळ्यावर ते बसल्याचें आम्हांस स्मरत नाहीं. ते बसले असते तर काय झालें असतें, हा विचारही त्या वेळीं कोणाच्या मनांत आला नाहीं. हें आम्ही आज लिहितों आहों, तेव्हां कोणी विचारलें असतें तर आम्ही आजोबांकडेच पाहिलें असतें. हाताची वस्तु आणि हात यांच्यामध्यें आम्हीं जेवढें अंतर ठेवलें, तेवढें कोणत्या इटालियन धनिकानें ठेविलें असेल?

ह्या संबंधांत पुतण्यानें सांगितलेली एक बारीकशी हकीकत. मेदाच्या कारखान्यांत मेज जुळवून उभें राहिलें, त्या दिवशीं दुपारीं मुख्य सुतारानें त्यावर जुनीं वर्तमानपत्रें पसरलीं आणि कारखान्यांतील सर्व मंडळी, एकोणीस वर्षांच्या उमेदवारापासून हिशेब ठेवणाऱ्या बाईंपर्यंत, त्याच मेजाभोंवतीं जेवायला बसली. तेथें नेहमींच असें करतात. मेज डगमगतें कीं काय हें भरल्या मेजावरच कळतें, असें त्यास कारण सांगतात. मालकास हें कळवितात काय, असें आम्हीं विचारलें. पुतण्यानें उत्तर दिलें नाहीं.

प्लेटोनें आपल्या ‘रिपब्लिक’च्या दहाव्या भागांत पलंगाचें उदाहरण घेऊन मोठी चर्चा केली आहे: एक पलंग ईश्वराच्या कल्पनेंतला, दुसरा सुतारानें केलेला, तिसरा चित्रकारानें काढलेला. ही तिहेरी विभागणी सर्वांच्या परिचयाची आहे. तितकी परिचयाची नसलेली एक गोष्ट तो पुढें सांगतो: वस्तूचें खरें ज्ञान करणारास नसतें, वापरणारास असतें, बांसरी कशी असावी हें वाजविणारा सांगतो आणि करणारा तें ऐकतो. हा न्याय आमच्या मेजास लावूं गेलें असतां चमत्कारिक फळ मिळतें. वर्षांतून वीस दिवस बसणारा मालक हा तें वापरणारा. पण उरलेले तीनशें पंचेचाळीस दिवस त्याच्यावरची खारट दमट हवा पुसून काढणारी, तेल लावणारी, सुरकुती कोठें पडते हें पाहणारी जी राखणदारीण तेथें राहील, तीच त्या मेजास खरी ओळखील. प्लेटोच्या न्यायानें मेज कसें असावें हें तिला विचारावयास हवें होतें. तिच्या उंचीचें माप कोणीं घेतलें नाहीं. सोळा फुटांच्या मेजाच्या मध्यापर्यंत तिचा हात पोहोंचतो कीं नाहीं, हें आम्हीं पुतण्यास विचारलें. त्यावर तो चपापला व दुसऱ्या दिवशीं त्यानें कळविलें, कीं पोहोंचणार नाहीं.

श्रीमंतांच्या हौशीवर गरिबांचीं पोटें चालतात, हा युक्तिवाद ह्या ठिकाणीं कोणीतरी करीलच. मँडेव्हिलनें तो १७१४ सालींच आपल्या मधमाशांच्या कथेंत अत्यंत निर्लज्ज व म्हणूनच अत्यंत स्वच्छ रीतीनें मांडून ठेविला आहे. तो आम्हांस पटत नाहीं, कारण तो फार पुरवतो. त्याच्या जोरावर आतषबाजीही परोपकार ठरते. पण तो सर्वस्वीं टाकूनही देतां येत नाहीं. अक्रोडाची सोळा फुटी फळी वर्षानुवर्षें वांकूं नये म्हणून ती कशी सुकवावी, तिच्या पोटीं आडव्या पट्ट्या सैल कशा बसवाव्या, हें ज्ञान ग्रंथांत नाहीं. तें मेदाच्या त्या सुताराच्या हातांत आहे, आणि एकोणीस वर्षांच्या उमेदवाराच्या हातांत तें जाण्यास असली मेजें लागतात. शाळांना, दवाखान्यांना, तुम्हांआम्हांस असलीं मेजें परवडत नाहींत, म्हणून तें ज्ञान धनिकांच्या आश्रयास राहिलें. हें लाजिरवाणें आहे. पण ही लाज पटाशीची नव्हे.

मग पाप कोणाचें? तीन महिन्यांनीं आम्हीं पुतण्यास जें लिहिलें तें निर्णय म्हणून नव्हे, तर आमचें मत म्हणून येथें देतों. पैसा फार लागला हा दोष आहे, पण तो त्या मेजापुरता नाहीं. तो ज्या व्यवस्थेंत एकाजवळ इतका पैसा जमतो तिचा आहे, व तिचा विचार मेजावरून होणार नाहीं. वस्तु सुंदर असावी हा दोष नव्हे. आपल्या देहास सुखकर असावी हाही नव्हे. आमच्या पणजोबांचा अंगठा आम्ही पापांत धरीत नाहीं. दोष आहे तो क्षितिज जुळविण्यांत. खुर्ची आपल्या मापाची मागणारा आपल्या देहाची मर्यादा मान्य करतो. क्षितिज आपल्या मापाचें मागणारा, त्या खोलींत दुसरें कोणी कधीं त्या जागीं बसेल ही शक्यताच पुसून टाकूं पाहतो. आणि त्यांतही तो फसला आहे, कारण त्यानें बारा खुर्च्या सांगितल्या. उरलेल्या अकरा कोणाच्या मापाच्या केल्या, असें आम्हीं विचारलें होतें. ‘कोणाच्याच नाहीं, कोणीही बसावें अशा,’ असें उत्तर आलें. ह्या अकरा खुर्च्यांविषयीं आमच्या मनांत कसलाही किंतु नाहीं.

शिवाय सुतारानें आपल्या बाजूनें एक गोष्ट केली होती, ती पुतण्यास अगदीं शेवटीं कळली. मेजाचे पाय फळीस सरसानें चिकटविलेले नाहींत; ते खांचांत बसवून पाचरी ठोकल्या आहेत, आणि पाचरी खालच्या बाजूनें, हातास लागतील अशा आहेत. पाचर काढली कीं मेज सुटें होतें, उंची कमीजास्त करतां येते, दुसऱ्या घरांत नेतां येतें. आराखड्यांत हें नव्हतें. हें कोणासाठीं, असें पुतण्यानें विचारलें, तेव्हां तो म्हाताऱ्या माणसांच्या सवयीप्रमाणें थोडा वेळ कांहीं बोलला नाहीं, आणि मग म्हणाला, कीं पुढच्या सुतारासाठीं.

पुतण्या नोकरीवर आहे. राखणदारिणीसाठीं एक लांब दांड्याचें पुसणें त्यानें आंखून पाठविलें आणि त्याचे पैसे कचेरीनें धनिकाकडून वसूल केले, असें त्यानें कांहींशा समाधानानें कळविलें आहे.

गणपतींत आम्ही गांवीं गेलों होतों. झोपाळ्याची एक कडी झिजली आहे, आणि घरांतील मुलांनीं आतां त्याची उंची कमी करून घ्या म्हणून धरणें धरलें होतें. जुन्या सुतारबाबांचे नातू रत्नागिरीस दुकान काढून असतात. ते आपल्या गाडीनें आले, टेपानें मापें घेतलीं, दोन पितळी कड्या जागच्या जागीं बदलल्या. कुरकुर राहिली आहे कीं काय हें पाहण्यासाठीं त्यांनीं चप्पल पायरीशीं काढली, वर येऊन ते झोपाळ्यावर बसले, आणि अंगठा टेकून एक लांब झोका घेतला. ते उंच आहेत. ‘काका, उंची कमी कशाला करतां?’ ते म्हणाले, ‘मला बरोबर होतेय.’ आम्ही ओटीच्या खांबाशीं उभे होतों. चहा आंतून यावयाचा होता.